उपदेशकाची शिदोरी

व्यासपीठावर उभे राहून जो माणूस तासभर बोलतो त्याच्याकडे आपले लक्ष असते. परंतु त्या तासाच्या पाठीमागे जी सामग्री उभी असते तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. हरिदासाच्या मागे गाथा असते, टीका असतात, आख्यानांच्या वह्या असतात आणि गुरूने पाठ करून घेतलेली पदे असतात. पुराणिकाच्या मागे पोथी असते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली. तिचा हेतूही असाच होता, की ग्रंथांत साठलेले ज्ञान बोलणाऱ्याच्या मुखातून ग्रंथ न वाचणाऱ्यांच्या कानांपर्यंत जावे. तेव्हा डोंगरकड्यासारख्या गावी वसंतातील सायंकाळी व्याख्यानास जमणाऱ्या मंडळींपुढे उपदेशकाच्या साधनांचा इतिहास मांडला, तर तो अस्थानी ठरणार नाही असे आम्हांस वाटते.

हा इतिहास सांगण्यासाठी आम्ही मराठी ख्रिस्ती उपदेशक निवडला आहे. त्याला कारणे दोन. पहिले असे, की त्याने आरंभ केला तो रिकाम्या हातांनी. हरिदासाला नामदेव-ज्ञानदेवांपासूनचा वारसा होता. ख्रिस्ती उपदेशकाला मराठीत ना पोथी होती, ना पदे, ना शब्द. त्याची शिदोरी कणाकणाने कशी जमली हे आपल्याला वर्षवार दाखविता येते. दुसरे कारण असे, की त्याने स्वतःच्या उपयोगासाठी जे घडविले ते त्याच्या देवळाच्या चार भिंतींत राहिले नाही. खिळे, कोश, नियतकालिक, सोपे गद्य, ही सारी पुढे अवघ्या मराठी समाजाची मालमत्ता झाली.

आरंभ गोमंतकात करावा लागतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये १५४९ साली जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यास उतरले आणि साष्टी भागात त्यांनी पुढील आयुष्य घालविले. तेथे नवख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. त्यांच्या घरची जुनी पुराणे त्यांच्यापासून काढून घेण्यात आली होती. पण पुराण ऐकण्याची सवय काही काढून घेता आली नव्हती. स्टीफन्स यांनी आपल्या काव्याच्या प्रारंभीच असा प्रसंग घातला आहे, की एक नवख्रिस्ती ब्राह्मण त्यांस विचारतो : जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले आणि छंद घेतला तो ओवीचा.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की स्टीफन्स यांनी लोकांना प्रवचनांचा संग्रह दिला नाही. तो देणे त्यांस सोपे होते. युरोपात तसे संग्रह पुष्कळ होते. त्यांनी प्रथम ऐकणाऱ्याचा कान ओळखला आणि त्या कानाला जे रुचेल असे पात्र निवडले. म्हणूनच हे पुराण चर्चमध्ये रविवारी आणि सणावारी वाचले जाऊ लागले.

परंतु एक गोष्ट त्यांस साधली नाही. हे मराठी काव्य रोमन लिपीत छापावे लागले. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांस पत्र लिहिले व या देशाच्या भाषेत आणि देशाच्याच लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली कित्येक वर्षांची इच्छा कळविली. अडचणीही सांगितल्या. युरोपातील लिपीस चोवीस अक्षरे पुरतात. येथील लिपीसाठी सहाशे साचे पाडावे लागतील, आणि वरिष्ठांच्या आज्ञेवाचून व साहाय्यावाचून ते होणारे नाही. ती इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. १६१९ साली ते वारले. १६४९ आणि १६५४ साली पुराणाच्या पुढील आवृत्त्या निघाल्या, त्याही रोमन लिपीतच. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली तर गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम केला. ज्या भाषेत उपदेशकाची शिदोरी बांधली गेली, त्या भाषेवरच राज्यसत्तेने घाव घातला.

तरीही पुराण नष्ट झाले नाही. लोकांनी ते हातांनी उतरून घेतले. गोवा सोडून दक्षिणेस मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते बरोबर नेले, आणि हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ साली मंगळूर येथे त्याची छापील आवृत्ती निघाली. देवनागरीत ते पुण्यास शांताराम बंडेलू यांनी प्रसिद्ध केले ते १९५६ साली, म्हणजे पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी. छापील प्रती गेल्या, फर्मान आले. टिकले ते ऐकणाऱ्यांच्या प्रेमाने टिकले.

यानंतरचा काळ इंग्रजी अमदानीचा. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये व कोश १८१० मध्ये छापला. या कामी त्यांस वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते, ही गोष्ट विसरता कामा नये. परदेशी मिशनऱ्याच्या प्रत्येक मराठी पुस्तकामागे कोणी ना कोणी एतद्देशीय पंडित बसलेला आहे. मुखपृष्ठावर मात्र त्याचे नाव क्वचितच सापडते.

१८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनचे दोन गृहस्थ मुंबईस आले. १८१७ साली त्यांच्या छापखान्यातून मराठी छपाई सुरू झाली. मराठी नवा करार त्यांनी १८२६ साली छापला, आणि त्याच वर्षी नाशिककडील दौऱ्यावर असता हॉल पटकीने वारले. या छापखान्यात पुढे थॉमस ग्रॅहम यांनी मराठी अक्षरांचे सुबक खिळे पाडले. स्टीफन्स यांस जी अडचण दुस्तर वाटली होती ती सव्वादोनशे वर्षांनी अशी दूर झाली. आणि तिचा लाभ कोणास झाला? गणपत कृष्णाजी यांनी याच छापखान्यातील काम पाहून आपला शिळाछापखाना घातला व १८३१ साली छापील पंचांग काढले. जावजी दादाजी लहानपणी येथेच कामास लागले आणि पुढे त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. ख्रिस्ती उपदेशकासाठी पाडलेल्या खिळ्यांच्या विद्येतून हिंदूंची पंचांगे आणि संस्कृत शास्त्रग्रंथ घरोघरी गेले. इतिहासाचा हिशेब असा सरळ रेघेत कधीच चालत नाही.

खिळे झाले, पण शब्दांचे काय? मोल्सवर्थ यांनी पंडितांच्या मदतीने जमविलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. शेतकऱ्याच्या अवजारांपासून न्यायशास्त्राच्या संज्ञांपर्यंत, म्हणींपासून शिव्यांपर्यंत सारी बोली त्यांत आली. मोठा कोश सर्वांस परवडणारा नव्हता, म्हणून बाबा पदमनजी यांनी १८६३ साली त्याचा संक्षेप केला.

बाबा पदमनजी हे नाव आले म्हणजे त्यांच्याविषयी चार शब्द अधिक सांगितले पाहिजेत. बेळगावी १८३१ साली जन्मलेले बाबा १८५४ साली ख्रिस्ती झाले. त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये निघाले. मराठी कादंबरीचा आरंभ अभ्यासक तेथून धरतात, आणि विधवांची दुःस्थिती हा त्या पुस्तकाचा विषय आहे. पुढे ते पाळक झाले, संपादक झाले, आणि १९०६ साली निधन होईपर्यंत त्यांनी शंभरावर लहानमोठी पुस्तके लिहिली. त्यांत कोश आहेत, नव्या करारावरील टीका आहे, पर्यायशब्दांचा संग्रह आहे. खेड्यातील साध्या उपदेशकाला रविवारच्या प्रवचनासाठी काय काय लागेल याचा जणू एक जंत्रीवजा आराखडाच त्यांनी मनाशी धरला असावा, असे त्यांची ग्रंथसंपदा पाहून वाटते.

दर आठवड्यास वा पंधरवड्यास ताजा मजकूर मिळण्याची सोय नियतकालिकाने केली. अहमदनगर येथे (म्हणजे आजच्या अहिल्यानगरास) १८४२ च्या जून महिन्यात ‘ज्ञानोदय’ निघाला. त्यांत धर्मोपदेश होता, तसेच बातम्या होत्या, भूगोल होता, यंत्रांची व प्राण्यांची माहिती होती. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी कॅथलिकांसाठी ‘निरोप्या’ काढला आणि १९५५ पासून वसईच्या ‘सुवार्ते’ची भर पडली.

या साधनांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर हे व्याख्यान एकतर्फी होईल. एकोणिसाव्या शतकातील मिशनरी लेखनात हिंदू देवदेवतांची टवाळी पुष्कळ होती आणि ती ऐकणाऱ्यांस झोंबत असे. तिला उत्तर देण्यास माणसेही पुढे आली. मोरभट दांडेकरांनी १८३१ साली डॉ. विल्सन यांच्याशी वाद केला. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी उघड्या मैदानात वादसभा चालविल्या. त्यांचा वृत्तांत मिशनरी जॉर्ज बोवेन यांनीच प्रसिद्ध केला. या वादांत कोण जिंकले हे ठरविण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. एवढे मात्र निश्चित, की दुसऱ्याला खोटे पाडण्यासाठी जमविलेली शिदोरी लवकर शिळी झाली. त्या काळची वादपुस्तके आज केवळ अभ्यासक उघडतात. कोश, गीते आणि चरित्रे मात्र अजून हातात आहेत.

आता आपण आपल्या मराठवाड्याकडे वळू. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि दरबारची व शिक्षणाची भाषा उर्दू होती. मुंबई-पुण्याकडील मराठी पुस्तके इकडे येत, पण विरळ. अशा प्रदेशात नारायण शेषाद्री यांनी जालन्यास येऊन काम केले. १८४३ साली ख्रिस्ती झालेले हे ब्राह्मण गृहस्थ पुढे स्कॉटिश मिशनचे पाळक झाले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची वसाहत वसविली आणि १८७३ साली न्यूयॉर्कच्या धर्मपरिषदेत भाषणही केले. पण त्यांचे रोजचे श्रोते होते ते अक्षरओळख नसलेले शेतमजूर. त्यांच्यापुढे कोश आणि टीकाग्रंथ काय करणार? तेथे हवे होते ते कानाचे साधन.

ते साधन या भूमीत सहाशे वर्षे तयार होते. आपल्याच हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे गाव अशी परंपरा आहे. कीर्तन ही वस्तू नामदेवांनी लोकांच्या अंगणात आणून ठेवली. ती त्यांच्याबरोबर पंजाबातही गेली, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात मानाने बसली. या कीर्तनाकडे ख्रिस्ती उपदेशकाचे लक्ष गेले ते अहमदनगरास, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कृष्णराव सांगळे यांनी बायबलातील कथांची आख्याने रचली आणि टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ती कीर्तने केली. प्रवचन ऐकताना जांभया देणारी मंडळी कीर्तनास रात्र रात्र बसू लागली, यात नवल ते काय?

या वाटेचा राजमार्ग केला तो नारायण वामन टिळकांनी. १८६१ साली कोकणात जन्मलेले टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत ख्रिस्ती झाले. त्यांच्यापूर्वीची पुष्कळशी ख्रिस्ती गीते इंग्रजी पदांची भाषांतरे होती. चाल विलायती, शब्द मराठी, आणि दोहोंचा संसार काही सुखाचा नव्हता. टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, भजनाची चाल घेतली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मोकळेपणाने सांगत. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची अडीचशेच्या वर गीते आहेत. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग त्यांच्याकडे होता. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईंना नवऱ्याच्या धर्मांतराने पाच वर्षे घरापासून दूर राहावे लागले, त्यांनीच त्याचे महाकाव्य तडीस न्यावे, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एकुलती एक आहे.

टिळकांच्याच काळात केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाई दुसरे एक अवघड काम करीत होत्या. तोपर्यंतच्या मराठी बायबलातील संस्कृतप्रचुर भाषा साध्या बाईला कळत नाही, हे त्यांस रोज दिसत होते. दुष्काळातून वाचविलेल्या, नुकतीच अक्षरे शिकलेल्या मुलींसाठी हे पुस्तक त्यांस हवे होते. संस्कृतात पंडिता ठरलेल्या या बाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत संपूर्ण भाषांतर केले. नवा करार १९१३ साली निघाला. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले. खिळे जुळविणे, छापणे, बांधणे हे सारे तेथील स्त्रियांनीच केले. आपल्या विद्वत्तेचा त्यांनी उपयोग केला तो विद्वत्ता दिसू नये म्हणून! विद्या सोपी करण्यासाठी किती विद्या लागते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

आता शेवटी आजच्या दिवसाकडे येऊ. स्टीफन्स यांना सहाशे साचे मिळाले नाहीत. आज युनिकोड नावाच्या संकेतपद्धतीत १९९१ पासून देवनागरीला जागा आहे, आणि ज्याच्या खिशात मोबाइल आहे त्याच्या खिशात हा छापखाना आहे. मोल्सवर्थचा संपूर्ण कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणासही फुकट पाहता येतो. मराठी बायबलाच्या अनेक आवृत्त्या मोबाइलवर वाचता येतात. अक्षरओळख नसलेल्यास ध्वनिमुद्रित बायबल ऐकता येते. ‘इंडियन रिव्हाइज्ड व्हर्शन’ हे मराठी भाषांतर तर खुल्या परवान्याखाली दिलेले आहे. ते उतरून घेण्यास, छापण्यास कोणाची आडकाठी नाही. मंगळूरचे १९०७ चे ‘ख्रिस्तपुराण’ आंतरजालावरील ग्रंथसंग्रहांत पानोपान दिसते. ज्यासाठी पूर्वी नगरास नाहीतर मुंबईस जावे लागे, ते सारे खेड्यातील पाळकाला ओट्यावर बसून मिळते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१३ साली साहित्य अकादमीच्या पुरस्कारास पात्र ठरले, आणि त्यांस २०२० साली आपल्या मराठवाड्यातच, उस्मानाबादेस, अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. मराठी ख्रिस्ती लेखणी आता उपरी राहिलेली नाही.

मग उपदेशक श्रीमंत झाला काय? याचे उत्तर देताना मात्र आमचा हात आखडतो. कारण या कोठारात कोशाबरोबर आणि ग्रंथाबरोबर तयार प्रवचनेही आहेत, हजारोंनी आहेत. बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि यंत्र त्यांचे क्षणात मराठी करून देते. शनिवारी रात्री ते उतरून घ्यावे आणि रविवारी सकाळी वाचून दाखवावे, हा मोह मोठा आहे. हा मोह केवळ ख्रिस्ती पाळकाचा नव्हे. हरिदास, शिक्षक, पुढारी आणि व्याख्याते यांच्यापुढेही तो तितकाच उभा आहे.

एक उदाहरण घ्या. बायबलात पेरणाऱ्याचा दाखला आहे. शेतकरी पेरणीस निघाला. काही बी वाटेवर पडले, काही खडकाळीत, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. डोंगरकड्याच्या शिवारातला शेतकरी हे ऐकतो आणि मनात म्हणतो : हा कसला पेरणारा? तिफणीच्या चाड्यातून मूठ सोडणाऱ्या आपल्या बाईच्या हातून दाणा वाटेवर कसा पडेल? हळदीचे बेणे तर एकेक हाताने लावतात. ज्या देशातील ही कथा आहे तेथे बी मुठीने फेकून पेरीत, ही एक ओळ उपदेशकाने सांगितली की दाखला उजळतो. न सांगितली की ऐकणारा पहिल्याच वाक्यास सुटतो. ही ओळ इंग्रजी प्रवचनात सापडेलच असे नाही. कारण ते प्रवचन ज्यांच्यासाठी लिहिले त्यांनी तिफण कधी पाहिलेली नाही. ती उपदेशकाला सुचते, पण केव्हा? त्याला ग्रंथही माहीत असेल आणि शिवारही माहीत असेल तेव्हा.

चारशे वर्षांच्या या इतिहासातून आम्ही घेतो ते एवढेच. स्टीफन्स, पदमनजी, सांगळे, टिळक, रमाबाई यांची साधने निरनिराळी होती. कोणाजवळ खिळे नव्हते, कोणाजवळ पैसा नव्हता. पण प्रत्येकाने बोलण्याआधी ऐकले होते. पुराण ऐकणारा कान, अभंगावर डोलणारी मान, जड शब्दापाशी अडखळणारी नवसाक्षर मुलगी, ही त्यांची खरी संदर्भसामग्री होती आणि ती कोणत्याही कोठारात तयार मिळत नाही. आंतरजालावरील कोश जरूर उघडावा, टीका जरूर वाचाव्यात, जुने ग्रंथ पुन्हा लोकांपुढे आणावेत. आपल्या पूर्वजांना जे दुर्मिळ होते ते आपल्याला सुलभ झाले आहे, त्याचा उपयोग न करणे हा करंटेपणा होईल. परंतु शिदोरी बांधून देणारा कोणीही असला, तरी ती सोडून पंक्तीत वाढावी लागते ती ज्याची त्यालाच. आणि वाढणाऱ्याने आधी पंगतीला कोण बसले आहे हे पाहिले पाहिजे.